खो-खोची टीम घेऊन केनियाला: खेळ आणि सेवेच्या परदेश सहलीची तयारी गावाकडून कशी करायची

आपल्याकडं एखाद्या शाळेची नाहीतर कॉलेजची टीम परदेशात जाणार म्हणलं की सगळ्यात आधी चर्चा होते विमानाची, जर्सीची आणि बॅनरवर कोणाकोणाचे फोटो टाकायचे याची. गाडी मात्र अडकते ती जन्माच्या दाखल्यावर, आईबापाच्या सहीवर, पिवळ्या तापाच्या लसीवर, आणि तिकडं जाऊन आपण नेमकं करणार काय या प्रश्नावर. या चार गोष्टींकडं बरेच जण तिकीट काढल्यावरच बघतेत. म्हणून क्रीडाशिक्षकांसाठी, एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी आणि ज्यांची लेकरं जाणार आहेत त्या पालकांसाठी हे जरा सविस्तर लिहायलोय.

देश म्हणून केनिया धरलाय. एक तर आपला खो-खो तिकडं पोचलाय, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला त्यात केनियाच्या टीम होत्या. शाळेत इंग्रजी चालते, मुंबईतून थेट विमान आहे, साधारण सहा तासाचं. आणि तिथला माचाकोस, मकुएनी, कितुई हा भाग आपल्यासारखाच पावसाची वाट बघणारा, त्यामुळं आपल्या पोरांना तिथलं जगणं समजायला अवघड जात नाही. पहिलीच वेळ असेल आणि भीती वाटत असेल तर आधी नेपाळ करा, तिथं आपल्याला व्हिसा लागत नाही. पण विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं, फक्त आधार घेऊन गेलात तर विमानतळावरच थांबवतेत हे लक्षात ठेवा.

आधी तारीख ठरवा, आणि ती उलटी मोजा

केनियात मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी तिकडच्या चिखलात जाते. आणि चिखल म्हणजे साधा नाही, नैरोबीच्या दक्षिणेला अथीच्या पठारावर आपल्यासारखीच काळी माती आहे, ओली झाली की बुटाला किलोकिलोनं चिकटणारी, तिच्यावर खो-खो होत नाही. जून-जुलैत तिकडं हवा थंड आणि बरी असते पण आपल्याकडं पेरणी आणि ॲडमिशन. मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला, तिकडं कोरडं वातावरण, शाळा नुकत्याच भरलेल्या, आणि आपल्याकडं कॉलेजच्या एका सेमिस्टरची परीक्षा होऊन गेलेली. दहावी-बारावीची पोरं मात्र या ट्रिपला घेऊ नका. बोर्ड तोंडावर असताना ना त्यांचं मन लागतं ना आईबापाचं.

जानेवारीत जायचं असेल तर काम मे-जूनमध्ये सुरू झालं पाहिजे. एवढं लवकर कशाला म्हणाल तर पुढं वाचा, ऊसतोडीचं कारण आहे.

तिकडं कोण बोलावतंय आणि कशासाठी

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि सगळ्यात घाईत उरकली जाते ती पण हीच. यजमान शाळा शोधायचे सरळ रस्ते म्हणजे आपल्या विद्यापीठाचा क्रीडा विभाग, एनएसएस विभाग, खो-खो फेडरेशनच्या ओळखी, नाहीतर गावातला रोटरी किंवा लायन्स क्लब, त्यांचे तिकडं क्लब असतेत. इंटरनेटवर पैसे भरून सेवा करायला नेणाऱ्या कंपन्या पण भरपूर सापडतील, तिथं जरा थांबून विचार करा, आणि अनाथाश्रमात चार दिवस घालवायचा कार्यक्रम कोणी देत असेल तर सरळ नको म्हणा. अनोळखी माणसं येतेत, लळा लावतेत आणि निघून जातेत, हे त्या लेकरांसाठी चांगलं नाही, आणि पाहुण्यांकडून पैसा मिळतो म्हणून लेकरं आश्रमात ठेवायचे प्रकार जगात बऱ्याच ठिकाणी उघडकीला आलेत.

शाळा सापडली की मुख्याध्यापकाशी व्हिडिओ कॉल करा. एक नाही, दोन-तीन करा. मैदान दाखवा म्हणा, राहायची खोली दाखवा, संडास-बाथरूम दाखवा, पाणी कुठून येतं ते विचारा. शाळेची नोंदणी आहे का ते कागदावर मागा, शंका वाटली तर नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाला ईमेल करून विचारता येतं.

आणि मग मुख्य प्रश्न विचारा, तुम्हाला आमच्याकडून काय पाहिजे? आपणच ठरवून गेलो की आम्ही तुमच्या शाळेच्या भिंती रंगवू, तर ते पाहुणचार म्हणून हो म्हणतील. आपल्यालाच हे जास्त कळायला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, देशातून परदेशातून मदत आली, माणसं जिवाचं रान करून राबली, त्याचं ऋण आहेच. पण पुनर्वसनातली घरं ज्यांनी वापरली त्यांना विचारा, सरळ रांगेतली घरं, जुन्या वाड्यासारखं अंगण नाही, गुरं बांधायला जागा नाही, वावर लांब पडलेलं. ज्याला राहायचं त्याला नीट विचारलं नाही की असं होतं. मग आपण दुसऱ्याच्या देशात सेवेला जाताना तेच करावं का?

आपल्या पोरांना जे खरंच येतं तेच काम घ्या. अठरा-एकोणीस वर्षाच्या पोरांनी तिकडं जाऊन बांधकाम करण्यात अर्थ नाही, तिथं गवंडी आहेत, त्यांना काम पाहिजे, आणि आपल्या पोरांनी रचलेली भिंत रात्री कोणीतरी सरळ करत बसणार. उलट आपल्या पोरांना खो-खो शिकवता येतो, फक्की टाकून मैदान आखता येतं, झाडं लावता येतात, टाकी घासून धुता येते, शोषखड्डा खांदता येतो. एनएसएसच्या सात दिवसाच्या कॅम्पमध्ये हीच कामं केलेली असतेत. त्यातलं त्यांना काय हवं ते त्यांनी निवडू द्या. आणि एक गोष्ट मात्र आग्रहानं करा: तिथल्या दोन-तीन शिक्षकांना किंवा मोठ्या पोरापोरींना खेळाचे नियम, सराव आणि पंचगिरी नीट शिकवा, म्हणजे आपण परतल्यावर पण मैदान चालू राहील.

हे सगळं ठरलं की निमंत्रणाचं पत्र मागवा, शाळेच्या लेटरहेडवर, तारखा, राहायचा पत्ता, कामाचं स्वरूप, खर्च कोण करणार आणि तिकडं जबाबदार माणूस कोण, एवढं सगळं त्यात आलं पाहिजे. पुढं प्रत्येक ठिकाणी हेच पत्र दाखवावं लागतं.

पोरं निवडताना

आधी पोरं निवडायची आणि मग पैशाचं बघायचं. हे उलटं केलं की ज्याचा बाप पैसे भरू शकतो त्याची टीम होते आणि ज्या पोरीच्या पायात खरा खेळ आहे ती गावातच राहते. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, ती काही श्रीमंत घरातून आलेली नाही, हे निवड समितीत बसणाऱ्यानं डोळ्यापुढं ठेवावं.

टीम बारा ते पंधराची पुरे. खेळ बघाच, पण दोन दिवसाचं निवासी शिबिर घेऊन स्वभाव पण बघा, स्वतःचं ताट कोण धुतंय, हरल्यावर कोण चिडतंय, जेवण आवडलं नाही तर कोण तोंड वाकडं करतंय. मुली असतील तर बाई शिक्षिका सोबत पाहिजेच, इथं तडजोड नाही.

पासपोर्ट: इथं सगळ्यात जास्त वेळ जातो

अर्ज ऑनलाइन, मग आपल्याजवळच्या पासपोर्ट सेवा केंद्राची किंवा पोस्टातल्या केंद्राची तारीख. साधी फी १८ वर्षापुढं १५०० रुपये, १८ च्या आतल्याला पाच वर्षाचा पासपोर्ट १००० रुपये. तत्काळला वर २००० लागतेत, लवकर सुरू केलं तर ते वाचतेत.

आता खरी अडचण नावाची. आपल्या शाळेच्या कागदावर आडनाव आधी असतं, समजा "जाधव आकाश बाबुराव", आधारवर "आकाश बाबुराव जाधव", आणि जन्माच्या दाखल्यावर कधी नुसतंच "मुलगा" किंवा घरातलं लाडाचं नाव. पासपोर्टच्या फॉर्मात दोन वेगळे रकाने असतेत, एक स्वतःच्या नावाचा, एक आडनावाचा. स्वतःच्या नावात "आकाश बाबुराव" आणि आडनावात "जाधव" असं भरा, आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका, काही देशांत एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटकाला आत घेत नाहीत. स्पेलिंग दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तेच धरा आणि आधार त्याला जुळवून घ्या. बाबुरावच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडंतिकडं असलं तरी फाइल परत येते. पुढं विमानाचं तिकीट काढताना पण पासपोर्ट समोर ठेवूनच नाव टाईप करायचं.

जन्माच्या दाखल्याबद्दल. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांनाच तो पासपोर्टसाठी सक्तीचा आहे, आपल्या पोरांना टीसी, आधार असं दुसरं चालतं. पण १८ च्या आतलं लेकरू आईबापाशिवाय सीमा ओलांडणार असेल तर संमतीपत्रासोबत जन्माचा दाखला मागतेत, म्हणून तो काढून ठेवाच. आणि शोधताना आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्याआधी आईला विचारा, पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी झालेलं असतं, नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत असते. नोंदच झाली नसेल तर तहसीलपर्यंत जावं लागतं आणि त्याला महिने लागतेत.

पत्त्याचं पण बघा. पोरगं गावचं पण शिकायला लातूरला नाहीतर संभाजीनगरला हॉस्टेलवर, असं असलं की पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार एका पत्त्यावर आणि पोरगं दुसऱ्या. जिथं खरंच राहतोय तो पत्ता लिहायचा, आणि हॉस्टेल किंवा कॉलेजचं पत्र जवळ ठेवायचं.

पासपोर्ट आला की पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून सगळ्यांचा एक फोल्डर करा. ट्रिपच्या तारखेनंतर कमीत कमी सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे.

आईबापाच्या सह्या दसऱ्याच्या आत

१८ च्या आतल्या लेकराला आई आणि वडील दोघांची संमती लागते, पासपोर्टसाठी वेगळी आणि प्रवासासाठी वेगळी, प्रवासाची इंग्रजीत आणि नोटरी केलेली. बीड, धाराशिव, जालन्याच्या कित्येक घरांत दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातेत, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत. टोळी आज या फडात उद्या त्या फडात, फोन लागेल पण नोटरीपुढं दोघांना उभं कसं करणार? म्हणून सगळ्या सह्या, फोटो, आधारच्या झेरॉक्स दसऱ्याच्या आत. आई किंवा वडील वारले असतील, वेगळे राहत असतील तर त्याचे कागद वेगळे लागतेत, ते पण तेव्हाच.

पालकांची मीटिंग शाळेत संध्याकाळी ठेवा, दिवसा रोज बुडतो. तिथं पीपीटी दाखवू नका, प्रश्न ऐका. मायमाऊलीचा पहिला प्रश्न ठरलेला, "गुरुजी, तिकडं माझ्या लेकराला खायाला काय देतेत?" त्याचं उत्तर तयार ठेवा: मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, त्याला उगाली म्हणतेत, सोबत सुकुमा विकी म्हणजे पालेभाजी, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी, आणि चपाती तर तिकडं घरोघरी खातेत. शाकाहारी लेकराचं भागतं. दुसरा प्रश्न मुलींच्या बापाचा असतो, झोपायला कुठं, सोबत कोण. त्याला खोलीचा फोटो दाखवा, शिक्षिकेला पुढं उभं करा. तिसरं, आजारी पडलं तर काय? विम्याचा कागद दाखवा, दवाखान्याचं नाव सांगा.

संस्थाचालकांचं आणि शाळा असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाचं लेखी पत्र घेतल्याशिवाय एक रुपया पण कुठं भरू नका.

केनियात शिरायची परवानगी

केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी, सुरू केलाय. सरकारी वेबसाइटवर प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, पासपोर्ट, फोटो, तिकीट, राहायचा पत्ता, निमंत्रणाचं पत्र. सर्च केल्यावर वर जाहिरातीतल्या डुप्लिकेट साइट येतेत, दुप्पट तिप्पट पैसे घेतेत, पत्ता नीट बघा.

उद्देशाच्या जागी खरं लिहा. बिनपगारी सेवा पण बऱ्याच देशांत कामात धरतेत आणि त्याला वेगळा पास लागू शकतो. म्हणून यजमान शाळेला सांगा की आमचा कार्यक्रम हा असा आहे, तुमच्या इमिग्रेशन ऑफिसला लेखी विचारून घ्या आणि उत्तर आम्हाला पाठवा. ते उत्तर फाइलीत ठेवा.

आणि एक, आपण शाळेची किंवा गावाची टीम आहोत, देशाची नाही. जर्सीवर "इंडिया" छापायचा मोह होतो, छापू नका. शाळेचं नाव, गावाचं नाव मोठ्या अक्षरात छापा.

तब्येत

पिवळ्या तापाची लस कधीच विसरायची नाही. गंमत अशी की केनियात शिरताना आपल्याला ती कोणी मागेलच असं नाही, ती लागते परत येताना. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो, तिथून येणाऱ्याकडं कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसापर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवतेत. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच, आधी नंबर लावून. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, आणि मग जन्मभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असलेल्यानं आधी डॉक्टरला सांगायचं. नोव्हेंबरमध्येच सगळ्यांना एका गाडीत बसवून नेऊन आणा.

बाकी धनुर्वात, टायफॉईड, हिपॅटायटीस ए हे डॉक्टरशी बोला. मलेरियाची गोळी भागानुसार आहे, नैरोबीत धोका कमी, किनाऱ्याकडं आणि व्हिक्टोरिया सरोवराकडं जास्त, त्यामुळं कुठं कुठं जाणार ते डॉक्टरला सांगूनच घ्या, आणि घेतली तर परत आल्यावर पण सांगितलं तेवढे दिवस पूर्ण करा.

सगळ्यांचं हिमोग्लोबिन सप्टेंबरमध्येच तपासा, मुलींचं तर नक्कीच. कारण नैरोबी जवळजवळ १८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या टोकापेक्षा, १६४६ मीटरपेक्षा वर. तिथं दोन पाठलाग झाले की दम लागतो, आणि अंगात रक्त कमी असलेल्या पोरीला चक्कर येते. तीन-चार महिने हातात असतील तर गोळ्या आणि खाण्यानं रक्त वाढतं, आठवड्यात वाढत नाही. तिकडं पोचल्यावर पहिले दोन दिवस मॅच ठेवूच नका, चालणं, हलका सराव, भरपूर पाणी.

विमा काढताना एजंटला एकच प्रश्न विचारा, खेळताना पाय मोडला तर मिळतील का पैसे? बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत स्पर्धेतली दुखापत बाहेर ठेवलेली असते. उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर दाखवा म्हणा. गंभीर झालं तर विमानानं परत आणायचा खर्च पण त्यात पाहिजे.

पैसा

सगळ्यात मोठा खर्च तिकिटाचा, मग विमा, लस, ई-टीए, तिकडची बस आणि जेवण, आणि मुंबईपर्यंत जाणं-येणं. यावर वेगळी रक्कम अडीअडचणीला ठेवा आणि ती ठरलेल्या खर्चात धरू नका.

गावातून वर्गणी गोळा करताना प्रत्येक रुपयाची पावती फाडा, संस्थेच्या नाहीतर ट्रस्टच्या खात्यावरच घ्या, सरांच्या फोनवर घेऊ नका, कितीही सरळ माणूस असला तरी. माजी विद्यार्थी, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले गावकरी, गणेश मंडळं, दूध डेअरी, कृषी दुकानवाले, सगळे देतेत, फक्त जाऊन बसून सांगावं लागतं. परदेशातली संस्था आपल्या ट्रस्टला पैसे पाठवतो म्हणली तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती नसेल तर घेऊ नका, त्यांनी तिकडचा खर्च तिकडंच परस्पर करावा. ट्रॅव्हल एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा इन्कम टॅक्स, कापला जातो, तो कोणाच्या पॅनवर कापणार हे आधी ठरवा.

तिकडं आपलं यूपीआय चालेल या भरवशावर जाऊ नका. एक-दोन मोठ्या माणसांकडं फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून परदेशात वापरायचं बँकेचं कार्ड, आणि थोडे रोख डॉलर. डॉलर घेताना नव्या कोऱ्या नोटा मागा, जुन्या किंवा दुमडलेल्या तिकडं नाकारतेत. रोजचा व्यवहार तिथले लोक एम-पेसा या मोबाईल पैशावर करतेत, यजमान शाळेच्या माणसाला ते सांभाळू द्या आणि संध्याकाळी हिशोब लिहून घ्या.

शिकवायची तालीम

आपल्या पोरांना खेळता येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही. ऑक्टोबरपासून शनिवारी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नेऊन तिसरी-चौथीच्या लेकरांना खो-खो शिकवायला लावा, आणि अट अशी की मराठी बोलायचं नाही. मग बघा कशी युक्ती काढतेत. आठ जण बसलेत, शेजारच्याचं तोंड उलट्या बाजूला, हे तोंडानं सांगायला गेलं की पाच मिनिटं जातेत, पण दोघांना खांद्याला धरून बसवलं की बाकीचे आपोआप बसतेत. खो देताना पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी आवाज द्यायचा, हे तीनदा करून दाखवलं की कोणत्याही भाषेतलं लेकरू शिकतं. चार स्वाहिली शब्द पाठ करा, "काआ" म्हणजे बस, "सिमामा" म्हणजे उभा राहा, "किंबिया" म्हणजे पळ, आणि "असांते" म्हणजे आभारी आहे.

खांब इथून न्यायची गरज नाही. मापं पाठवा, जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर, वरून गुळगुळीत, कुठं टोक नको, तिथला सुतार करून देतो आणि ते तिथंच राहतेत. मैदान २७ बाय १६ मीटरचं, मोजायला टेप मात्र सोबत ठेवा.

डोक्याची तयारी

हे बोलायला लोक कचरतेत पण मी बोलणार. आपल्या घराघरात रंगावरून बोललं जातं, पोरांनी ते ऐकलेलं असतं, आणि आफ्रिका म्हणलं की काही जणांच्या तोंडात पहिल्यांदा तेच येतं. जायच्या आधी वर्गात बसून स्पष्ट बोला. कोणाच्या रंगाबद्दल, केसाबद्दल मराठीत पण एक शब्द बोलायचा नाही, आपल्याला वाटतं त्यांना कळत नाही, चेहऱ्यावरून सगळं कळतं. कोणाच्या केसाला हात लावायचा नाही.

दुसरं फोटोचं. तिथल्या लेकरांचे फोटो त्यांच्या शिक्षकांच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत, आणि फाटक्या कपड्यातलं लेकरू शोधून त्याच्यासोबत सेल्फी तर मुळीच नाही. आपल्या दुष्काळात पण कॅमेरे आले होते, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन उभ्या असलेल्या आपल्याच बायांचे फोटो देशभर फिरले, ते त्यांना कसं वाटलं असेल ते पोरांना विचारायला लावा. रस्त्यावर बिस्किटं, पेन वाटायचे नाहीत. द्यायचं ते मुख्याध्यापकाच्या हातात द्यायचं.

कुठल्याही लेकरासोबत आपला कोणी माणूस बंद खोलीत एकटा थांबणार नाही, हा नियम सगळ्यांना, सरांना पण.

बॅग

आईनं लाडू-चिवडा कॅरीबॅगमध्ये बांधलेला असतो, ते सगळं डब्यात नाहीतर कापडी पिशवीत काढा, केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. आर्मी प्रिंटची ट्रॅक पँट आपल्याकडं भरतीची तयारी करणारं निम्मं गाव घालतं, ती घरी ठेवा, तिकडं सामान्य माणसानं लष्करी पद्धतीचे कपडे घालायला मनाई आहे. तंबाखू-गुटख्याची पुडी कोणाच्याच खिशात नको, सोबतच्या मोठ्यांच्या पण.

कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे चालतेत. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही, ते काढून टाका. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवली की सिक्युरिटीवाले काढून घेतेत. बियाणं, रोपं, कच्ची फळं नकोत. पॉवरबँक मात्र हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही. तिकडं प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, तसे ॲडॉप्टर पाच-सहा घ्या. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. स्वेटर ठेवाच, दिवसा ऊन कडक असलं तरी रात्री गार होतं. मुलींनी पॅड इथूनच पुरेसे न्यावेत.

मुंबईपर्यंत आणि पुढं

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरकडच्यांना देवगिरी किंवा नंदीग्राम, लातूर-धाराशिवकडच्यांना लातूर एक्सप्रेस. विमानाच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी धरू नका, एक दिवस आधी पोचा, गाडी चार तास लेट होणं काही नवीन नाही. विमानतळावर चार तास आधी. प्रत्येक पोराच्या खिशात एक कागद, त्याच्यावर यजमान शाळेचा पत्ता, तिकडचा फोन, आपल्या सरांचा फोन, रक्तगट.

तिकडं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. घरी फोनची एकच वेळ ठरवा, आपल्या रात्रीच्या आठला म्हणजे त्यांच्या साडेपाचला, खेळ संपल्यावर. सगळ्या पालकांचा एक ग्रुप आणि त्याच्यावर फक्त सरांनी टाकायचं, नाहीतर एका पोराला जुलाब झाले की तासाभरात सगळ्या तालुक्यात अफवा. अंधार पडल्यावर शाळेच्या बाहेर कोणी नाही, रस्त्यावर फोन हातात घेऊन चालायचं नाही, पाणी उकळलेलं नाहीतर बाटलीचं.

परत आल्यावर

पुढचे काही महिने कोणालाही ताप आला तर गावच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की हा आफ्रिकेत जाऊन आलाय, मलेरियाची तपासणी करा. हे पालकांना लेखी द्या, कारण पोरं सांगत नाहीत.

हिशोब पंधरा दिवसांत शाळेच्या फळ्याशेजारी लावा, पावत्यांसकट, उरलेले पैसे किती आणि कुठं ठेवले ते पण. आणि यजमान शाळेला महिन्याभरानं फोन करून विचारा, मैदान चालू आहे का, खांब हलले का, शिकवलेले शिक्षक सराव घेतेत का. नियमांत काही अडलं असेल तर आपल्या पोरांनाच व्हिडिओ कॉलवर बसवून ते सोडवायला लावा.